मऊ बिस्किटांचा आळ

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. कोपऱ्याला पोचा आहे, रंग उडालाय, झाकणावरची फुलं आता कोबीसारखी दिसतात. दिसू देत. मित्रांनो, माझ्यावर आळ घेतला गेला आणि घेणाऱ्यांपैकी एकानेही अजून माझी माफी मागितलेली नाही, म्हणून मीच तोंड उघडतो.

मला घडवणाऱ्या पत्रेवाल्याने माझ्यात पाणी भरलं, झाकण लावून मला उलटं केलं आणि तो खाली बघत बसला. थेंब पडला नाही, तेव्हाच त्याने मला फळीवर ठेवलं. पुढची कित्येक वर्षं मी या घरच्या सासूबाईंच्या हाताखाली काढली. त्या बिस्किटं जाळीवर पसरत, पार गार होऊ देत, माझ्या तळाला कागद घालत आणि मगच रचत. ती इतकी खुसखुशीत राहत, की कोणी चोरून खाल्लं तर शेजारच्या खोलीत ऐकू जाई. त्यांच्या मुलाने त्यापायी लहानपणी बराच मार खाल्लाय.

सासूबाईंचं मनगट दुखायला लागलं आणि काम सुनेकडे आलं. सूनबाई आठवडाभर छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी बिस्किटं भाजायची. पहिल्याच खेपेला सासूबाई म्हणाल्या, "जमलंय." कौतुकाच्या बाबतीत बाईंचा हात फार आखडता, त्यामुळे सूनबाई तो एक शब्द आठवडाभर मिरवत होती.

आणि मग बिस्किटं मऊ पडायला लागली. आज भाजलेलं उद्या लिबलिबीत. मुलगा म्हणाला, डबा हवा घेतोय. शेजारच्या काकूंनी लोण्याला दोष दिला. सासूबाई म्हणाल्या, "डबा थकलाय गं, माझ्यासारखा." मी थकलो नव्हतो. आत काय चाललंय ते मला ठाऊक होतं, पण विचारतो कोण?

ऐका तर. या घरचे सासरे, म्हणजे बाबा, मोठे रुबाबदार गृहस्थ. आपले दात अजून पोलादाचे आहेत, असं ते आल्यागेल्याला ऐकवत. खरं तर कवळी होती, तीही ढिली. सगळी दुपारी लवंडली की ते पाय न वाजवता स्वयंपाकघरात येत, पावाचा ताजा तुकडा माझ्या तळाच्या कागदाखाली सरकवत आणि झाकण दाबत. पावाची ओल बिस्किटांत उतरे. सकाळी वाळलेला तुकडा चिमण्यांना, मऊ बिस्कीट बाबांना. बाकीच्यांची बिस्किटं गेली ती गेलीच.

मला गच्चीत हाकललं आणि पोटात खिळे भरले. माझ्या जागी प्लास्टिकचा गुलाबी डबा आला. मित्रांनो, त्यातही बिस्किटं मऊच पडली! आता तरी मी निर्दोष ठरावं की नाही? छे. आता बोट सूनबाईकडे वळलं. थेट कोणी बोललं नाही, पण विकतच्या पुड्याचा विषय जेवताना दोनदा निघाला. तिने लोणी बदललं, पीठ बदललं, एकदा तर कोळसा होईपर्यंत भाजलं. शेवटी म्हणाली, "आई, हे शेवटचं. माझ्या हाताला ते जमत नाही."

शेवटचीच आहेत तर जुन्या डब्यात राहू देत, म्हणून तिने मला गच्चीतून आणलं, घासलं, उन्हात वाळवलं आणि बिस्किटं रचून झाकण घट्ट दाबलं. दुपारी बाबा आले, पावाचा तुकडा घेऊन. गच्चीतल्या मुक्कामात माझ्या कडेला गंज चढला होता, त्यामुळे झाकण हलेना. लोक त्याला गंज म्हणतात. मी म्हणतो, मी धरून ठेवलं होतं. एका मुलीचा हात खोटा ठरत असताना मी कशाला उघडू? बाबांनी चमच्याच्या दांड्याने ढोसलं, मी ओट्यावरून धाडकन खाली आलो, आणि सूनबाई दारात उभी.

तिने आधी मला पाहिलं, मग बाबांच्या हातातला पाव. प्रूफातली चूक पकडायची सवय; काही सांगावं लागलं नाही.

"कधीपासून, बाबा?"

बाबा खाली बघत म्हणाले, "कवळी बसत नाही गं नीट. पण तुझी बिस्किटं सोडवत नाहीत."

"मी भाजणं सोडायला निघाले होते."

"तेच तर. म्हणून रात्रभर झोप नव्हती. पण सांगायचं कसं, एवढ्या बढाया मारून?"

सूनबाई हसेल असं मला वाटलं होतं. ती रडली आधी, हसली नंतर. मग तिने तो पाव गुलाबी डब्यात टाकला, वर बाबांपुरती दहा बिस्किटं ठेवली आणि डबा त्यांच्या खोलीत नेऊन दिला. उरलेली माझ्याकडे. चार दिवसांनी सासूबाईंनी एक मोडलं, तर कडकन आवाज आला. कवळीबद्दल सूनबाईने अजूनही घरात कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, गरम बिस्किटं डब्यात कोंबू नका, मऊ आणि कडक एकत्र ठेवू नका, आणि मला भंगारात द्यायचं असेल तर आधी माझा गुन्हा सिद्ध करा. आणि घरातलं कोणी बिस्कीट चहात जरा जास्तच वेळ बुडवून ठेवत असेल, तर दातांची चौकशी करू नका. गुपचूप एक वेगळा डबा भरा.