बदली दारुडा

शेठना स्वतः काही करायची सवयच नव्हती. गाद्या-उशांचं दुकान त्यांचं, पण माप घ्यायला मेहुणा, गिऱ्हाइकांची तक्रार ऐकायला मेहुणा, आणि बायको रुसली तर तिची समजूत घालायलाही तिचा हा धाकटा भाऊच. शेठचं काम एकच, नमुन्याच्या गादीवर आडवं होऊन ती किती मऊ आहे हे सिद्ध करणं. दुपारी दोन पेग पोटात गेले की ते हे काम फार मन लावून करत.

म्हणून लेकीनं फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जात असाल तरच मी बाळाला घेऊन येईन," तेव्हा शेठ जराही गडबडले नाहीत. त्यांनी मेहुण्याला हाक मारली.

"एखादी मीटिंग शोध. लांबची बघ. आपलं एकही गिऱ्हाईक तिथे नको."

"दाजी, गादीवर कोण झोपत नाही?"

"मग तूच जा," शेठ म्हणाले. "तिथे नाव विचारत नाहीत म्हणे. काम आणखी सोपं."

मेहुणा बिचारा जन्मात चहाच्या पलीकडे गेला नव्हता. पण दाजींपुढे बोलायची टाप नव्हती. चार ठिकाणी विचारत, दोन ठिकाणी चुकत त्यानं एका शाळेतली मीटिंग शोधून काढली आणि दर शनिवारी संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागला. परत आला की तो सगळा वृत्तांत दाजींना सांगे, आणि शेठ तो फोनवर लेकीला ऐकवत. मधूनमधून गहिवरत, दुसऱ्या हातात ग्लास.

लेक विरघळली. येत्या रविवारी येते म्हणाली. शेठचा जीव त्या नातवात अडकला होता, हे मात्र खोटं नव्हतं. लेकीनं त्याला आणणं का बंद केलं, ते त्यांना धड ठाऊक नव्हतं. एका दुपारी दुकानात काहीतरी गडबड झाली होती. जाग आली तेव्हा घरात कुणी बोलत नव्हतं. बायकोला विचारलं की ती रडायची, म्हणून त्यांनी विचारणंच सोडलं. सासरच्यांनी पोरीचे कान भरले, असा निकाल देऊन ते मोकळे झाले होते.

सगळं सुरळीत पार पडलं असतं, पण मेहुण्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "परवा मी बोललो तर लोक रडले हो, दाजी! या शनिवारी पुन्हा बोला म्हणाले."

शेठच्या पोटात दुखू लागलं. दारू प्यायची यांनी, काळीज जाळायचं यांनी, आणि कौतुक त्या चहाबाजाचं! शिवाय हा चारचौघांत आपली अब्रू किती काढतो, तेही बघायला हवं होतं. शनिवारी शेठ त्याच्या मागोमाग निघाले. धीर यावा म्हणून थोडी लावूनच.

वर्गात लहान मुलांची बाकं होती. चांगली थोराड माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. शेठ कसेबसे शेवटच्या बाकात कोंबले गेले. मेहुणा उभा राहिला आणि त्यानं घसा साफ केला.

"मी दारुडा आहे," तो अशा थाटात म्हणाला की शेठना वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं हे लपवलं. "माझा मेहुणा मात्र देवमाणूस. दुकान चालतं ते त्याच्या जिवावर. पण मी त्याला कधी बरं म्हटलं नाही. सुट्टी मागितली तरी खेकसतो."

"हरामखोर," शेठ पुटपुटले.

"होय हो," शेजारची बाई हळहळली, "असतात अशी माणसं."

मग मेहुण्याचा आवाज बदलला. "त्या दुपारी मी नातवाला कडेवर घेऊन शिडी चढलो. गाद्यांचा डोंगर दाखवतो म्हणून. वर गेल्यावर तो माझ्या हातून सुटला. गाद्यांवर नाही, फरशीच्या बाजूला. मेहुण्यानं हातातलं टाकून झेप घेतली आणि त्याला झेललं. आणि मी वर हसत होतो. 'पुन्हा, पुन्हा!' म्हणून टाळ्या पिटत होतो. लेक दारातच उभी होती."

तो रडू लागला. ते रडणं उसनं नव्हतं.

शेठची खाडकन उतरली. मीटिंग चालवणाऱ्या बस ड्रायव्हरनं नेमकं तेव्हाच मागे पाहिलं. "नवीन दिसता. काही बोलणार?"

मेहुण्यानं वळून पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. शेठ उठले. अंगवळणी पडलेलं नातंच तोंडातून निघालं.

"मी... मी ह्यांचा मेहुणा."

वर्ग टाळ्यांनी दणाणला. ड्रायव्हरनं धावत येऊन मिठी मारली. शेजारच्या बाईनं त्यांचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं. "तुम्ही झेललंत पोराला! कसं हो झेललंत?"

शेठनी तोंड उघडलं. शिडी आठवेना, फरशी आठवेना. नातू तेव्हा रडला की नाही, तेही आठवेना. त्या बाईच्या हातातल्या आपल्या हातांची त्यांना भयंकर शरम वाटली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "झेललं ह्यानं. हा पीत नाही. पोर सुटलं ते माझ्या हातून."

टाळ्या थांबल्या. ज्या मेहुण्याला वर्गानं आजवर सगळं माफ केलं होतं, त्याच्याकडे आता सगळे खिसेकापूकडे बघावं तसे बघू लागले. तो लगबगीनं शेठजवळ आला आणि कानाशी कुजबुजला, "दाजी, गंमत केली म्हणा. पोरीला कळलं तर उद्या बाळ येणार नाही."

"नकोच आणायला तिनं बाळाला," शेठ म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी आत्तासुद्धा पिऊन आलोय."