कर्नलसाहेब मरायला तयार नाहीत

"मी मेलेलो नाही," कर्नलसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. आता या माणसाला समजवायचं तरी कसं? लाल पुठ्ठ्याचा बिल्ला मास्तरांच्या हातात, तो गळ्यात घालून घ्यायला साहेबांची मान काही पुढे येईना.

"साहेब, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी या तंबूवर तोफगोळे पडले. तुम्ही, दुय्यम साहेब आणि आतली सगळी माणसं, खलास."

"कुठे पडले? मला तर काही दिसलं नाही."

"सरावात गोळे दिसत नसतात. पंच पडले म्हणाला की पडले."

"मग म्हणा ना, शेजारच्या शेतात पडले! तुमच्या बापाचं काय जातंय?"

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. हुद्द्याने मेजर, पण तीस वर्षांतली वीस नव्या अधिकाऱ्यांना लढाई शिकवण्यात गेली, म्हणून सगळं सैन्य त्यांना मास्तर म्हणायचं. या सरावात ते पंच होते. सराव पाच दिवसांचा, माणसं सहाशे. समोर शत्रू म्हणून दुसरी एक बटालियन, आणि मधे नदी. बंदुकीत गोळ्या खोट्या, म्हणून कोण मेला ते पंचाने सांगायचं. पाच दिवस संपले की पंचाने एक कागद लिहायचा: ही बटालियन खऱ्या लढाईला तयार आहे, किंवा नाही. तयार असेल तर बारा दिवसांनी ती आघाडीवर जाणार होती. आघाडी खरी होती. तिथून रोज गाड्या भरून जखमी परत येत होते.

आणि या सरावांना एक जुनी खोड होती. सरावात शिपाई मरायचे, स्वयंपाकी मरायचे, एकदा तर पाहुणा म्हणून आलेला पत्रकारही मेला होता. मरायचा नाही तो फक्त कर्नल. का? तर पाचव्या दिवशी वरचे साहेब बघायला येतात, तेव्हा नकाशापुढे छडी घेऊन उभं राहायला कोणीतरी लागतं. मास्तरांनी आजवर एकोणीस सरावांत पंचगिरी केली होती आणि एकोणीस वेळा लिहून दिलं होतं की बाबांनो, खऱ्या लढाईत पहिल्यांदा कर्नलच मरतो, कारण त्याच्याच तंबूवर अँटेनांचं जंगल असतं. एकोणीस वेळा उत्तर आलं, ‘सूचनेची नोंद घेतली आहे.’ नोंदी घेण्यात यांचा हात कोणी धरणार नाही!

या कर्नलची तर बातच और. मला विचारल्याशिवाय काडीसुद्धा हलवायची नाही, हा त्यांचा खाक्या. दोन दिवस मास्तर त्यांच्या मागे फिरत होते. संडासाचा खड्डा कुठे खणायचा इथपासून राखीव कंपनी कुठे ठेवायची इथपर्यंत प्रत्येक गोष्ट वायरलेसवरून साहेबांना विचारली जायची, आणि साहेबांना त्याचा कोण अभिमान! तंबू तीस तास एकाच जागी. वर अकरा अँटेना. सकाळपासून शत्रूचं ड्रोन दोनदा डोक्यावर घिरट्या घालून गेलं होतं. एका शिपायाने तर त्याला हात हलवून दाखवला. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा.

"बिल्ला घाला, साहेब," ते आता म्हणाले. "नाहीतर मी आत्ता इथेच सराव बंद झाला म्हणून लिहितो."

कर्नलसाहेब मास्तरांकडे रोखून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी गेलो, दुय्यम गेला, की हुकूम कोणाच्या हातात जातो, मास्तर?"

मास्तरांनी बिल्ला तसाच पुढे धरला.

"दोन नंबर कंपनीची कॅप्टन. कंपनी कमांडरांत तीच सगळ्यात सीनियर. आणि ती कोणाची मुलगी, हे इथल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. पोरीचं नाव व्हावं म्हणून मला मारताय होय?"

आपल्याच मुलीच्या बटालियनला पंच होणं बरं नव्हे, असं मास्तरांनी तीनदा लेखी कळवलं होतं. मुख्यालयाने तीनदा ‘दुसरा पंच उपलब्ध नाही’ एवढंच कळवलं होतं. घरी बायकोचं वेगळंच. फोनवर ती रोज म्हणायची, "नापास करून टाका सगळ्यांना. म्हणजे जायला नको तिला." इकडून हे, तिकडून ते. आणि मास्तरांना खरं तर एवढंच हवं होतं की हा तंबू आघाडीवर उडाला तर आपली पोरगी आणि बाकीची पाच-सहाशे लेकरं वायरलेस कानाला लावून साहेबांच्या हुकमाची वाट बघत मरू नयेत.

"घाला बिल्ला," ते एवढंच म्हणाले.

साहेबांनी बिल्ला घातला. मेलेल्यांसाठी झाडाखाली दोरी बांधून जागा केली होती, तिथे ताडपत्रीवर जाऊन बसले. मेलेल्यांनी जिवंतांशी बोलायचं नाही, हा नियम. पाच मिनिटांत साहेबांनी चहा आणायच्या निमित्ताने दुसऱ्या एका मेलेल्या माणसाला चिठ्ठी देऊन बाहेर पाठवलं! मास्तरांनी चिठ्ठी वाटेतच पकडली. तिच्यात लिहिलं होतं, ‘कोणीही काहीही करू नका. मी बघतो.’

"अहो, मेलात ना तुम्ही!" मास्तर ओरडले. "मेल्यावर तरी सोडा की!"

चिठ्ठी खिशात कोंबून ते तडक दोन नंबर कंपनीकडे गेले.

कंपनीचं ठाणं नदीकाठच्या एका अर्धवट बांधलेल्या घरात होतं. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, भिंतींना गिलावा नाही. आत उलट्या पेटीवर नकाशा पसरलेला, कोपऱ्यात रेडिओवाला, दाराशी एक हवालदार. कॅप्टन नकाशापुढे उकिडवी बसली होती. चेहरा चिखलाने माखलेला.

"कर्नलसाहेब आणि दुय्यम साहेब गेले," मास्तर म्हणाले. "बटालियन तुमच्याकडे, कॅप्टन."

कामावर असताना दोघं एकमेकांना अहो-जाहोच करत. ती उठून उभी राहिली. वायरलेसवर चारही बाजूंनी गलका सुरू झालाच होता. हुकूम काय, हुकूम काय, साहेब बोलत का नाहीत. ती क्षणभर नुसती उभी राहिली, आणि मग काय म्हणाली?

"सर, मी फक्त दोन मिनिटं जाऊन साहेबांना विचारून येऊ?"

"मेलेत ते!"

"हो, पण झाडाखालीच बसलेत ना."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. हवालदाराने मात्र मान खाली घालून हसून घेतलं. कॅप्टनच्या लक्षात आलं तसे तिचे कान लाल झाले. ती पुन्हा नकाशापुढे बसली, आणि हळूहळू का होईना, कामाला लागली. एक नंबर कंपनीला जागेवर थांबायला सांगितलं. जखमींच्या गाड्या मागे घेतल्या. ठाणं बदलायचं ठरवलं, अँटेना लांब वेगळीकडे न्यायला लावल्या. मास्तर भिंतीला टेकून बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, शाब्बास, आता कसं! दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा जीव जरा थाऱ्यावर आला.

आता प्रश्न राहिला राखीव कंपनीचा. नदी ओलांडायला दोन जागा. उत्तरेला पूल, दक्षिणेला उथळ पाण्याचा उतार. शत्रू जिथून येईल तिथे राखीव कंपनी लावायची, आणि ती एकच होती. उत्तरेकडून इंजिनांची घरघर येत होती. टेहळणीवाल्यांनीही उत्तरेलाच धूळ दिसते म्हणून कळवलं होतं. दक्षिणेकडे शुकशुकाट.

पंचाला दोन्ही बाजूंचे बेत ठाऊक असतात. उत्तरेची घरघर नुसता देखावा होता, हे मास्तरांना माहीत होतं. खरा शत्रू दक्षिणेच्या झाडीत दबा धरून बसला होता.

"राखीव कंपनी उत्तरेला," कॅप्टन रेडिओवाल्याला म्हणाली. "पुलावर. लगेच."

"अगं, तिकडे नको!"

कोण ओरडलं? मास्तरच. वीस वर्षं इतरांना ‘पंचाने तोंड उघडायचं नाही’ म्हणून शिकवणारे मास्तर. शब्द तोंडातून निघून गेला होता.

रेडिओवाल्याचा अंगठा बटणावर तसाच राहिला. हवालदार भिंतीकडे बघू लागला. कॅप्टन सावकाश वळली.

"म्हणजे दक्षिणेला आहेत," ती म्हणाली.

"मॅडम, बदलू का?" रेडिओवाला हळूच म्हणाला. "अजून वेळ आहे. आपण चौघंच आहोत इथे."

खरं सांगायचं तर मास्तरांनाही तेच वाटलं. लाज वाटावी, पण वाटलं. बदल गं बाई, जिंक, कोणाला कळतंय! बटालियन पास होईल, पोरीचं नाव होईल, कर्नलचं तोंड बंद होईल.

"नाही," ती म्हणाली. "हुकूम तोच. उत्तरेला."

"मॅडम, पण आता तर आपल्याला माहीत..."

"मला माहीत नव्हतं. मला जे दिसत होतं, ऐकू येत होतं, त्यावरून मी उत्तर म्हटलं. चुकलं असेल तर चुकलं. आघाडीवर गेल्यावर माझ्या मागे उभं राहून कोणी ओरडणार नाहीये. पाठवा संदेश."

संदेश गेला. मग ती मास्तरांच्या अगदी जवळ आली आणि इतक्या हळू बोलली की कोपऱ्यात ऐकू जाऊ नये.

"बाबा, तुम्ही लहानपणापासून हेच करत आलात. मी गणित सोडवायला बसले की तुम्ही मागे उभे. मी पेन्सिल टेकवायचे आणि तुमचा चेहरा बघायचे. तुमच्या कपाळाला आठी पडली की खोडायचे. मला अजूनही कळत नाही, त्यातली किती गणितं माझी मला येत होती."

कर्नलला दोन दिवस शिव्या घालणाऱ्या मास्तरांचा हात खिशातल्या चिठ्ठीवर गेला.

पाऊण तासात शत्रू दक्षिणेच्या उतारावरून आला. दोन कंपन्या घेरल्या गेल्या, आणि नदीकाठचं ते घरही. मास्तरांनी वहीत आकडा लिहिला, दोनशे बारा मृत. हवालदाराच्या गळ्यात बिल्ला घातला, रेडिओवाल्याच्या घातला. मुलीपुढे आले तेव्हा त्यांना दोरी सोडवता येईना. पुठ्ठ्याचा तुकडा तो, त्यात एवढं काय! पण बारा दिवसांनी तिकडे जाणार ती हीच मान.

"द्या इकडे," ती म्हणाली आणि तिने स्वतःच घालून घेतला.

पाच दिवस संपायची वाट न बघता मास्तरांनी तिथेच गुडघ्यावर वही ठेवून कागद लिहिला. बटालियन तयार नाही. ठाणं तीस तास एकाच जागी, कमांडर मृत होताच हुकूम थांबले. निघण्याआधी पाच दिवसांचा सराव पुन्हा घ्यावा. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, ती लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला: पंचाने सरावात हस्तक्षेप केला, पंच बदलावा. सही केली, तारीख घातली. ‘दुसरा पंच उपलब्ध नाही’ असं यावेळी तरी कोणाला म्हणता येणार नव्हतं.

कागद पाठवून ते झाडाकडे आले तेव्हा मेलेल्यांची ताडपत्री भरून गेली होती. कॅप्टन आली तशी कर्नलसाहेबांनी मुकाट्याने सरकून तिला जागा दिली. मग साहेबांनी विचारलं, "राखीव कंपनी उत्तरेला का पाठवलीस?" विचारण्यात टोमणा नव्हता.

"इंजिनं ऐकू आली. धूळ दिसली."

"मीही तिकडेच पाठवली असती," कर्नल म्हणाले. त्यांनी तिच्याजवळचा नकाशा पुढे ओढला. "मग आपल्याला कळायला कसं हवं होतं? तू सांग."

तिने बोटाने नदी दाखवली आणि बोलायला लागली. आजूबाजूचे मेलेले शिपाई सरकत सरकत जवळ आले. एकाने मधेच शंका काढली, ती चुकीची होती. तिने उत्तर दिलं, तेही अर्धवटच होतं. दोरीच्या बाहेर उभ्या असलेल्या मास्तरांना बरोबर उत्तर ठाऊक होतं. ते ओठ घट्ट मिटून उभे राहिले. अर्धा तास ते सगळे चुकत होते, भांडत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते, आणि त्या अर्ध्या तासात तिने एकदाही मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.