पुलाच्या जिन्यावरची बाई

"मान हलवू नका हो पेंटर. कान कापला गेला तर तुम्हालाच नवा रंगवून घ्यावा लागेल," न्हावी म्हणाला.

पेंटर कुठले ऐकायला! समोरच्या आरशात त्यांना एक बाई दिसली होती. रस्त्यापलीकडे पादचारी पुलाचा जिना होता आणि बाजार करून आलेली ती बाई मधल्या टप्प्यावर थांबली होती. पेंटरांचा चष्मा कात्रीशेजारी फळीवर काढून ठेवलेला, त्यामुळे चेहरा काही दिसत नव्हता. पण त्यांना चेहऱ्याशी कर्तव्यच नव्हतं. चष्मा काढला की माणसाचे नाक-डोळे जातात आणि नुसतं उभं राहणं उरतं, आणि पेंटरांचा सगळा जीव त्या उभं राहण्यात.

बाईनं पिशवी पायरीवर टेकवली. एक हात कठड्यावर, दुसरा कमरेवर. एक पाय चपलेतून अर्धा काढून तिनं दुसऱ्या पावलावर ठेवला आणि तशीच उभी राहिली. डोक्याला वारा लागू नये म्हणून निळा रुमाल बांधलेला. मग तिनं तोंड पुसलं, पाठ ताठ केली, पिशवी उचलली आणि आत्ताच घरातून निघाल्यासारखी तरातरा वर चढून गेली.

"वा!" पेंटर म्हणाले.

"अजून एकच बाजू झालीय," न्हावी म्हणाला.

पेंटरांचा धंदा पाट्या रंगवण्याचा. दंतवैद्याच्या पाटीवरचे बत्तीस दात, चपलांच्या दुकानाचा बूट, 'येथे गाडी लावू नये', हे पोटासाठी. पण बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या रांगेत दिसलेली अनोळखी माणसं ते घरी येऊन आठवणीनं वहीत उतरवत, ते मनासाठी. अशा बावीस वह्या पलंगाखालच्या पेटीत होत्या. ओळखीचं माणूस त्यांना कधी जमलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की ओळखीच्या माणसाकडे आपण बघतच नाही, तो आहे एवढंच धरून चालतो.

बायको यावर एकच वाक्य बोलायची. "रस्त्यावरच्या सगळ्या बायका तुमच्या पेटीत, घरची तेवढी बाहेर."

आणि आता नेमकं तेच गळ्याशी आलं होतं. लेकीनं परगावी नवं घर घेतलं होतं आणि तिला भिंतीवर आईचं चित्र हवं होतं, बाबांनी काढलेलं. रविवारी ती न्यायला येणार होती. पेंटरांनी बायकोला तीनदा खुर्चीत बसवलं. तिन्ही वेळा ती केस विंचरून, श्वास धरून बसली आणि तिन्ही वेळा साबणाच्या जाहिरातीतली बाई तयार झाली. दोन त्यांनी फाडली. तिसरं बायकोनं फाडू दिलं नाही. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, ती आपल्या हातातून उतरत नाही, हे पेंटरांच्या फार जिव्हारी लागलं होतं. हात संपला आपला, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

म्हणून तर आरशातल्या त्या बाईनं त्यांना एवढा हुरूप आला. घरी आल्यावर अंघोळसुद्धा न करता, मानेवर केस टोचत असताना, ते कागद ताणून बसले. बायको आत निवडत-टिपत होती. दोन तासांत चित्र उभं राहिलं आणि असं उतरलं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कमरेवरचा हात खरा दमलेला होता.

बायको चहा घेऊन आली आणि चित्राकडे बघत तशीच थांबली.

"ही कुठे भेटली तुम्हाला?"

पेंटर रंगात आले. आरसा, पूल, पायावर ठेवलेला पाय, सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "गंमत बघ, घरच्यांना कळू नये म्हणून ही बाहेरच दम टाकून घेते. तोंड पुसून, ताठ होऊनच घरी जाणार. हिच्या घरचा माणूस आंधळाच असला पाहिजे."

बायकोनं चहा खाली ठेवला. "पिशवी उजव्या बाजूला असते," ती म्हणाली. "आरशात बघितलंत म्हणून डावीकडे आलीय. आणि घरचा माणूस काही आंधळा नाही. चष्मा काढून ठेवला असेल त्यानं."

पेंटरांनी वर पाहिलं. दारामागच्या खुंटीवर निळा रुमाल लटकत होता. लेक मागच्या खेपेला विसरून गेलेला.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. चार-पाच महिने झाले, ती म्हणाली, डॉक्टरला दाखवलंय, गुडघा आहे, वयाचं आहे, घाबरायचं काही नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पाट्या टाकून बाजार करत बसला असता आणि सगळी भाजी किडकी आणली असती. तेही खरंच होतं.

"पण जमली हो मी," ती चित्राकडे बघत म्हणाली. तिच्या आवाजात राग शोधूनही सापडेना. उलट ती खुशीत होती.

पेंटर म्हणाले, मग हेच देऊ लेकीला. तिनं साफ नाही म्हटलं.

"दमलेली आई भिंतीवर टांगून तिला काय झोप लागणार आहे? तिला ते साबणवालं द्या. हे आपल्याकडे राहू दे. आणि पेटीत नाही टाकायचं."

रविवारी लेक आली, साबणवालं चित्र बघून म्हणाली, आई अगदी अशीच दिसते, आणि छातीशी धरून घेऊन गेली. दुसरं आतल्या खोलीत लागलं होतं, तिकडे ती फिरकलीच नाही. नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

सोमवारी पेंटर न्हाव्याच्या दारात उभे होते, चष्मा लावून. न्हाव्यानं विचारलं, आता काय कापू, परवाच तर कटिंग झाली. पेंटर जिन्याकडे बघत राहिले. ती आली, मधल्या टप्प्यावर थांबली, पिशवी टेकवली. त्यांनी तिला पुरतं थांबू दिलं. तोंड पुसून झालं, पाठ ताठ झाली, तेव्हाच ते रस्ता ओलांडून जिना चढले आणि पिशवीचा एक बंद हातात घेतला.

"आज ओळखलंत वाटतं," ती म्हणाली.

दुसरा बंद तिनं सोडला नाही. पिशवी मधे धरून दोघं चढू लागली. वरचा टप्पा आला तसं तिचं पाऊल जरा जड झालं. पेंटरांनीच थांबून कठड्याला हात लावला.

"थांब जरा," ते म्हणाले. "मला दम लागलाय."