चार वाजताचं इंजेक्शन

“मान भिंतीकडे वळवा. अजून थोडी. बस, आता हलायचं नाही हां,” डॉक्टर हंसा म्हणाल्या. टेबलावर आडव्या झालेल्या काशीनाथचं डोकं राजश्री सिस्टरनं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं.

काशीनाथ मोरवा गावचा. मिठागरावर मुकादम. तीन दिवसांपूर्वी त्याची स्कूटर खड्ड्यात गेली आणि तो थेट खांद्यावर आपटला. गळ्याजवळचं आडवं हाड, जुनी माणसं ज्याला हासळी म्हणतात, त्याचे तीन तुकडे झाले होते. आज त्यावर धातूची पट्टी आणि स्क्रू बसायचे होते.

डॉक्टर हंसा दोशी भुलीच्या डॉक्टर. नर्सिंग होममध्ये येऊन त्यांना चारच महिने झाले होते. त्यांनी मानेच्या बाजूला बोटानं चाचपून दोन स्नायूंमधली फट शोधली आणि सुई आत घातली. “हातात करंट गेल्यासारखं वाटलं की सांगा.”

“गेला, गेला! आंगठ्यापरत गेला!”

“बरोब्बर. आता नस झोपली की जागे झाल्यावर पण दुखणार नाही. संध्याकाळपर्यंत तरी नाहीच.”

दहा मिनिटांत काशीनाथचा हात ओंडक्यासारखा पडला. राजश्री मनात म्हणाली, बघू.

भाईंदरात हे सहा खाटांचं नर्सिंग होम सत्त्याऐंशी साली निघालं, तेव्हापासून ती इथं होती. नऊ वर्षं. ऑपरेशननंतर दुखायचंच, हे तेव्हा सगळ्यांनी धरून चाललेलं असे. एक इंजेक्शन मिळायचं, ते उतरलं की दात-ओठ खाऊन पडून राहायचं. आणि तिथंच राजश्रीचं राज्य सुरू व्हायचं. चादरीची गुंडाळी कोपराखाली नेमकी कुठं सरकवली की ओढ कमी होते, उशी किती तिरकी हवी, कुणाला गावच्या गप्पा लावायच्या आणि कुणाजवळ नुसतं मुकाट्यानं बसायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. “राजश्रीचा हात लागला की अर्धं दुखणं पळतं,” असं मोठे डॉक्टर, म्हणजे जितेंद्र सर, नातेवाइकांना सांगायचे. हाटकेशच्या तिच्या घरात तिला कुणी हाक मारत नसे. मुलगा नोकरीला नाशिकला, नवरा हरिश्चंद्र प्रेसमधून आला की पेपरात डोकं घालणार. इथं मात्र दिवसभर “सिस्टर, सिस्टर” चालायचं. मोठमोठी माणसं तिचा पदर धरून लेकरासारखी रडली होती.

दुपारी ती चादरीची गुंडाळी घेऊन काशीनाथच्या खाटेजवळ गेली, तर तो टेकून बसून चहा पीत होता. सुईच्या बाजूची पापणी अर्धी मिटलेली, आवाज घोगरा. बायको, भीमाबाई, त्या पापणीकडे बघून घाबरली होती, पण हंसा मॅडमनी येऊन समजावलं होतं. औषधाचा असर आहे, उतरेल.

“कोपर जरा उचलते,” राजश्री म्हणाली.

“नको शिष्टर, तुमी बसा. मना कायपन दुखत न्हाय.” तो हसला. मग शेजारच्या खाटेवरच्या बबनला म्हणाला, “डॉक्टरीनबायच्या हातात जादू हाय रं. तुझ्या येळला होती का?”

बबनच्या पायाचं ऑपरेशन मागच्या वर्षी इथंच झालं होतं, आता तो स्क्रू काढायला आला होता. “न्हाय ना,” तो म्हणाला. “दोन दिवस गुरावानी वरडलो.”

त्या दोन दिवसांत आपण घरीही गेलो नव्हतो, हे बबन बोलेल म्हणून राजश्री क्षणभर थांबली. तो बोलला नाही. गुंडाळी काखेत मारून ती परत फिरली. त्या डॉक्टर पोरीचं वय काय? सकाळी येते, एक सुई टोचते आणि गाडीत बसून दुसऱ्या हॉस्पिटलला जाते. एकाच्या तरी उशाशी बसलीय का कधी?

निघताना हंसा मॅडम तिच्यापाशी आल्या. “सिस्टर, चार वाजता हे दुखण्याचं इंजेक्शन द्यायचंच. ते दुखतंय बोलो की नाही बोलो. नस जागी झाली ना, की सगळं एकदम येतं. त्याच्या आधी औषध अंगात पाहिजे.”

“हो मॅडम.”

चार वाजले. ट्रेमध्ये इंजेक्शन भरून तयार होतं. राजश्रीनं दारातून पाहिलं. काशीनाथ कसलीशी नक्कल करत होता आणि भीमाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. राजश्रीनं ट्रेवर कपडा टाकला. दुखतच नाही तर कशाला टोचायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण खाली, अगदी तळाशी, वेगळंच होतं. मारू दे हाक. एकदा मारू दे. ती मागच्या खोलीत जाऊन कापसाचे बोळे वळत बसली. सव्वाचार. साडेचार. बोळ्यांचा ढीग झाला.

पाच वाजून गेल्यावर हाक आली. हाक कसली, किंकाळीच. राजश्री धावली. काशीनाथ खाटेवर अर्धा उठला होता, चेहरा घामानं निथळत होता. “शिष्टर! हाड फुटला गो! सुरी फिरतंय आत!”

तिनं इंजेक्शन दिलं, पण ते भिनायला अर्धा तास तरी जाणार होता. तोवर तिनं सगळं केलं. गुंडाळी सरकवली, उशी तिरकी केली, कपाळ पुसलं. त्यानं चांगल्या हातानं तिचं मनगट असं आवळलं, की बांगडी कातडीत रुतली. “जाव नको. जाव नको शिष्टर.”

सकाळपासून तिला हेच हवं होतं. आता मिळालं, तर तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

गडबड ऐकून जितेंद्र सर आले. भीमाबाई त्यांच्यावर तुटून पडली. “त्या बाईनं फसवला आमाला! मानंत सुई मारून गेली, आन आता? ही शिष्टर होती म्हनून. हिचं पाय धरायला पायजेल!” आणि ती खरंच वाकली. राजश्री पाय मागे घेईपर्यंत तिचे हात लागलेसुद्धा.

“मी हंसाला बोललोच होतो,” सर म्हणाले, “ही मानेतली थेरं नकोत म्हणून. आजपासून बंद. आपलं जुनं आहे तेच बरं.”

आता फक्त गप्प राहायचं होतं. बाकीचं आपोआप होणार होतं.

निरोप मिळताच हंसा मॅडम आल्या. सर काही बोलायच्या आत त्या काशीनाथपाशी गेल्या. त्याचं दुखणं आता कण्हण्यावर आलं होतं. “सॉरी काका. माझाच डोस कमी पडला असेल. माझी चूक झाली.”

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या खरोखरच आपली चूक शोधत होत्या.

“मॅडम,” राजश्री म्हणाली, “चार वाजताचं इंजेक्शन मी दिलं नाही.”

हंसा मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. “विसरलात का सिस्टर? काम जास्त होतं?”

किती सोपी वाट होती ती. राजश्रीच्या जिभेवर ‘हो’ आलंही होतं.

“नाही. विसरले नव्हते.”

काशीनाथनं तिच्या मनगटावरचा हात हळूहळू काढून घेतला. भीमाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

नऊ वर्षं झाली म्हणून सरांनी तिला काढलं नाही. वॉर्डातून मात्र खाली ओपीडीत पाठवलं. पट्ट्या बदलायच्या, नंबराप्रमाणे पेशंट आत सोडायचे. मानेतली सुई चालू राहिली. वरून पूर्वीसारख्या किंकाळ्या येईनाशा झाल्या. हंसा मॅडम जाता-येता “कशा आहात सिस्टर?” विचारायच्या आणि ते चांगुलपण तिला दर वेळी टोचायचं. हेवा काही गेला नव्हता. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की अजूनही आत काहीतरी जळायचं.

तीन महिन्यांनी काशीनाथ शेवटचं दाखवायला आला. हात सरळ डोक्यावर जात होता. त्याच्या दुसऱ्या हातात केळीच्या पानात बांधलेलं पुडकं होतं. त्यानं राजश्रीला ओळखलं. जरा घुटमळला.

“डॉक्टरीनबाय हाय का?”

“ऑपरेशनमध्ये आहेत. वेळ लागेल.”

“मग ह्यो जिताडा त्यांना द्याल? खाडीचा मासा हाय, सकाळचा.”

“देते.”

तिनं पुडकं घेतलं आणि मॅडम बाहेर येईपर्यंत बर्फात ठेवलं. मग स्वतः वर घेऊन गेली. “काशीनाथनं तुमच्यासाठी आणलंय. मोरव्याचा. हासळीवाला.”

हंसा मॅडमनी पान उघडलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. “अरे बापरे! सिस्टर, आम्ही जैन ना!” मग दोघीही हसल्या, पहिल्यांदाच. “तुम्ही घेऊन जा प्लीज. त्याला मी सांगेन, मिळालं म्हणून.”

त्या संध्याकाळी राजश्रीनं जिताडा साफ केला, चिंच-लसणाचं कालवण केलं. हरिश्चंद्रनं पहिला घास घेतला आणि चक्क पेपर बाजूला ठेवला.

“झकास! पेशंटनं दिला वाटतं तुला?”

राजश्रीनं मधला मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला.

“मला नाही,” ती म्हणाली. “डॉक्टरबाईंना दिला होता. खा तुम्ही, काटे सांभाळून.”