विजयसिंह आत येऊ पाहतात

पाली, वडवणी, पाटोदा अशा आमच्या संस्थेच्या तीन शाळा. तिन्हींचं कामकाज बीडच्या ऑफिसातल्या एका सर्व्हरवर चालतं आणि तो सांभाळायचा भोग माझ्या कपाळी आलाय. त्यावर एका वेळी दोघांनाच बसता येतं. तिसरा आला की आतल्या एकाच्या पडद्यावर विचारणा होते, अमुक आत येऊ पाहतात, तुम्ही बाहेर पडता का? अर्ध्या मिनिटात नकार दिला नाही तर हकालपट्टी.

इथवर ठीक. पण तिन्ही शाळांना खातं एकच, तेही अध्यक्ष विजयसिंह साहेबांच्या नावाचं. शाळेगणिक वेगळी खाती करू म्हणून दोन वर्षं घसा कोरडा केला. "संस्था एक, नाव एक," साहेब म्हणाले. त्यामुळे पडद्यावर उमटतं, 'विजयसिंह आत येऊ पाहतात.' येणारा पाटोद्याचा क्लार्क प्रविण असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी या वाक्यापुढे आमच्याकडे खुर्च्या रिकाम्या होतात.

त्या दिवशी वसतिगृहाच्या अर्जाची मुदत पाचला संपत होती. सव्वाचारला वडवणीच्या क्लार्क मनकर्णाबाईंचा फोन आला.

"सर, परत भाईर काढलं. पुन्हा आत गेले तर सुकन्याचा अर्जच न्हाई. दुसऱ्याच पोराचा दाखला दिसतोय."

प्रविणचंच काम. हा गडी नीट बाहेर पडत नाही, नुसती खिडकी मिटून चहाला जातो, मग पुढच्याच्या गळ्यात त्याचं अर्धवट काम पडतं. त्याला शिव्या घालत मी बाईंना त्यांचा अर्ज परत जोडून दिला. दिवसातली तिसरी खेप.

सुकन्या त्यांच्या शेजारीच बसली होती. तिचे वडील म्हाळू मेंढरं घेऊन गावोगाव फिरतात. वसतिगृह मिळालं नाही तर तिची शाळा सुटणार आणि ती मेंढरांमागं जाणार, हे ठरलेलं होतं.

"बाई, आता विचारलं तर नको दाबा."

"सायबाला नको म्हणू?"

"साहेब नसतात हो तिथं. प्रविण असतो."

"कळतंय मला. पण नाव सायबाचं हाय ना."

मी कपाळावर हात मारला.

पाचला दहा कमी असताना फक्त तिचा फोटो चढायचा राहिला होता. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून साहेबांनी हाक मारली, "आप्पाराव, पाहुण्यांना आपला कारभार दाखवायचाय. मी बसतोय सर्व्हरवर." दोन वर्षांत पहिल्यांदाच. मुहूर्त बघा.

फोनवर बाईंचा आवाज बारीक झाला. "सर, आलं. विजयसिंह आत येऊ पाहतात."

'हो दाबा' म्हणालो असतो तर माझी नोकरी सुखात होती.

"नको दाबा, बाई."

"प्रविणच हाय ना सर? नक्की?"

"प्रविणच आहे. दाबा."

पलीकडे कळ वाजली. पाच वाजायच्या आत बाई म्हणाल्या, "गेला सर. अर्ज गेला. नंबर आला." मागं सुकन्या तो नंबर मोठ्यानं वाचत होती.

"आप्पाराव," भिंतीपलीकडून साहेब पाहुण्यांसमोर कडाडले, "कोण नको म्हणतंय मला?"

मी फोन ठेवला आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मी म्हणालो, साहेब."