गडग्यावरून पाणी

पुण्याहून उन्हाळी सेवाशिबिराला चार कॉलेजकुमार येणार, असं मिशनच्या मडमबाईंनी सांगितलं तेव्हा मी आधी विहिरीत डोकावून आले. सन एकोणीसशे एकतीसचा मे महिना. रत्नागिरीतल्या आमच्या मिशनच्या वसतिगृहात चौदा पोरी, त्यांना सांभाळणारी मी एकटी, आणि विहीर तळाला गेलेली. मी म्हटलं, "मडमबाई, पावसाळ्यात बोलवा त्यांना. तेव्हा पाणी तरी असतं." तर म्हणाल्या, "आनंदीबाई, मुलं आत्मिक वाढीसाठी येतायत." वाढू देत बापडी. पण वाढणाऱ्याला आंघोळ लागते की नाही?

तिघं बरे निघाले. पोरींना गाणी शिकवायचे, कौलं परतायचे, पानात पडेल ते मुकाट्याने खायचे. चौथा भास्कर. त्याने माझा जीव नकोसा केला.

शिबिराचा नियम असा, की प्रत्येकाने आत्मिक वाढीची रोजनिशी लिहायची आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला वाचून दाखवायची. बाकीचे चार ओळी लिहीत, हा चार पानं. 'आज मला माझ्या अहंकाराचं दर्शन झालं.' रोज व्हायचं हो! रोज दर्शन देणारा तो अहंकार जायचा कधी, देव जाणे. इकडे आमटी गार आणि पोरी पेंगायला लागलेल्या.

आता पाण्याचं सांगते. आमच्या आवाराला लागून गोदाचं माडांचं आगर. मधे जांभ्या दगडाचा गडगा, कंबरेएवढा. गोदा आणि मी एका आळीत वाढलो, सागरगोटे खेळलो. पुढे मी विधवा झाले, बाप्तिस्मा घेतला, आणि तिला मी चालेनाशी झाले. पण तिच्या विहिरीला बारमाही पाणी. तिने एवढं केलं, की उन्हाळ्यात तिचा गडी काशीराम गडग्यावरून आम्हाला पाणी ओतायचा. मी खाली वाकून हंडा धरायचा, त्याने वरून धार सोडायची. भांड्याला भांडं लागता कामा नये. बारा वर्षं असं चाललेलं.

भास्करने ते पाहिलं आणि मला विचारलं, "आनंदीबाई, तुम्हाला याचा राग नाही येत?"

"येतो ना. तुझा येतो. हंडा उचल."

"पण तुम्ही सहन कसं करता?"

"सहन करणं हेच आपल्याला शिकवलंय," मी म्हटलं. "रोज सकाळी मी त्या घरासाठी प्रार्थना करते. हेही लिही तुझ्या वहीत."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तांदूळ निवडत होते, तर गोदाच्या मागीलदारी ही आरडाओरड! बघते तर हा दोन भरलेल्या कळशा घेऊन गडगा ओलांडून येतोय. तोंडभर हसू. स्वतःच्या हाताने रहाट ओढून आला होता शहाणा.

"आनंदीबाई, आता तुम्हाला वाकायला नको!"

मी कपाळाला हात लावून तिथेच बसले.

संध्याकाळपर्यंत गोदाने बाटलेली विहीर उपसून काढली. मे महिन्यात! भरली विहीर माडांच्या मुळाशी ओतली त्या बाईने. इकडे हा शहाणा, तिकडे ती शहाणी. काशीराम गडग्यापाशी येऊन खाली बघत म्हणाला, "आनंदीबाय, उद्यापास्नं हंडा ठेवू नका."

मडमबाईंनी हिशेब सरळ केला. पाणी नाही तर शनिवारी मुलींना पाऊस पडेपर्यंत घरी पाठवायचं. तेरा जणींना बरंवाईट घर होतं. जनीला नव्हतं. अकरा वर्षांची पोर. नाटे गावात तिचा काका, आणि त्याने तिला चाळिशीच्या एका बिजवराला द्यायचं कबूल केलेलं. बालविवाहबंदीचा कायदा झालाय म्हणे, पण नाट्यात कायदा वाचतो कोण? दोन पत्रं येऊन गेली होती, पोरीला पाठवा म्हणून. ती रोज माझा पदर मुठीत धरून झोपायची. एकदा गेली असती, तर परत आली नसती.

भास्कर आधी ताठ्यातच होता. "मी चूक केलेली नाही," म्हणाला. मी त्याला जनीला हाक मारायला लावली, तिला समोर उभं केलं आणि काकाचं पत्र तिच्या देखतच त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. अर्ध्यात त्याने ते घडी घालून मला परत दिलं.

मग दोन दिवस त्याने एकट्याने घाटीच्या पायऱ्या उतरून खालच्या झऱ्यावरून पाणी आणलं. खांदे सोलवटून निघाले. पण एकोणीस माणसांना एकट्याचं पाणी कुठलं पुरतंय! पोरींना मी जाऊ देत नव्हते. झऱ्याची वाट बाजारातून जाते. मिशनच्या पोरी हंडे घेऊन निघाल्या तर लोक काय म्हणतील, हे माझं पालुपद.

शुक्रवारी मी गोदाकडे गेले. ती म्हणाली, "त्या पोराने माझ्या अंगणात येऊन नाक घासावं. मग पाणी सुरू करते."

परत येऊन मी ते भास्करला सांगितलं. मला वाटलं, हा आता भाषण ठोकणार. त्याने वही मिटली, सदऱ्याला हात पुसले आणि म्हणाला, "चला."

गोदा पडवीत पाटावर बसली होती. भास्कर अंगणात गुडघ्यांवर बसला. पुढे वाकला. कपाळ सारवणाला टेकायला आलं. सोलवटलेल्या खांद्यांवर सदरा चिकटला होता. मी मागे उभी, आणि मला त्याची नुसती पाठ दिसत होती. गडग्याखाली माझी पाठ काशीरामला अशीच दिसत असणार, बारा वर्षं. माझ्या अंगाची आग झाली. मी त्याला दंडाला धरून वर ओढला.

"ऊठ! ऊठ म्हणते ना!"

गोदा बघतच राहिली. "अगो आनंदी, तू स्वतः इतकी वर्षं वाकतेस. मग ह्याचंच एवढं काय?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "पाणी नको मला तुझं, गोदा."

भास्करला ओढतच मी बाहेर आले. ज्याला मी सहनशीलता म्हणत होते, ती निव्वळ भीती होती. गोदाची, बाजाराची, सगळ्यांची. आणि रोज सकाळी तीच भीती मी देवापुढे ठेवत होते. लाज वाटली मला.

"आनंदीबाई, पण जनीचं काय?" भास्करने विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी.

"रडू नकोस मेल्या, पाय उचल."

घरी येऊन मी चौदाही पोरींना हंडे, कळशा, तांबे, हाताला लागेल ते घ्यायला लावलं. बाजारातून सगळ्यांच्या पुढे मी. दुकानदार उठून बघायला लागले. बघा म्हटलं. झऱ्यापासून वरपर्यंत पायऱ्यांवर एकेकाला उभं केलं, आणि भांडी हातोहात वर चढायला लागली. सर्वांत खाली झऱ्यात जनी, परकर खोचून भरून देत होती. अंधार पडायच्या आत वसतिगृहाचा हौद भरला.

शनिवारी मडमबाई आल्या. हौदावरचं झाकण उचलून त्यांनी आत बघितलं आणि पुन्हा ठेवलं. "राहू देत मुली," म्हणाल्या. त्याच दुपारी नाट्याहून काकाचं तिसरं पत्र आलं. मी ते न वाचता न्हाणीच्या चुलीत सारलं.

शिबिर संपेपर्यंत रोज रांग लागली. गोदा गडग्यापाशी येऊन उभी राहायची. मी हंडा घेऊन तिच्यासमोरून जायचे. प्रार्थना मात्र अजून करते तिच्यासाठी, पण आता ताठ बसून.

शेवटच्या दिवशी भास्कर खांद्यावर हंडा घेऊन पायऱ्या चढून आला आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "आनंदीबाई, आठवडा झाला, वहीत एक ओळ लिहिलेली नाही. आज संध्याकाळच्या प्रार्थनेला वाचू तरी काय?"

"वाचू नकोस. जनीला उभी कर सगळ्यांपुढे," मी म्हटलं. "आणि आधी तो हंडा उतरव, शिंच्या. सांडतोयस सगळं."