वाकड्या हाताचा दारवान

मित्रांनो, मी एक जुना दारवान आहे. जुना म्हणजे पाच दिवसांचा. हसू नका, आम्हां प्रथिनांत एवढ्या वयाला म्हातारा म्हणतात. आलापल्लीच्या नंदिनीच्या मूत्रपिंडात, एका पेशीच्या पातळ पटलावर माझी चौकी आहे.

रक्त गाळले जाताना त्यातली कामाची अमिनो आम्लेही निसटतात. ती परत आणणे हे आमचे काम. बाहेरचे एक धरायचे, अंग वळवून आत सोडायचे आणि त्याच फेरीत आतले दुसरे बाहेर द्यायचे. शेजारच्या चौक्यांवरची ही लगबग पाहून मी थक्क होतो. मी मात्र जन्मतःच वाकडा. मला घडवायची कृती नंदिनीला आईवडिलांकडून मिळाली, त्या कृतीतच चूक होती. सिस्टीन नावाचे आम्ल माझ्या हातून सुटते, लघवीत उतरते आणि पाणी कमी पडले की त्याचा खडा होतो. याची मला फार लाज वाटते.

बाहेरचे मला दिसत नाही, पण रक्त गावभर हिंडल्यासारखे सगळ्या अंगातून फिरून येते आणि जुन्यानव्या बातम्या आणते. नंदिनी वनरक्षक भरतीसाठी रोज धावत होती. भरती पंधरा दिवसांवर आली आणि मैदानातच तिच्या कमरेत कळ आली. हा तिचा तिसरा खडा. तिची आई रिना हिने सगळे खापर बोअरच्या जड पाण्यावर फोडले होते. पहिल्या खड्यापासून ती लेकीला दिवसाला मोजून दोन पेले पाणी देई, आणि नंदिनी आईचा शब्द मोडत नसे. आजारापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच! मी आत ओरडून ओरडून थकलो, पण आमचा आवाज कुणाला ऐकू जातो?

अहेरीच्या दवाखान्यात डॉक्टर तहसीन यांनी लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात चपटे, सहा कोनांचे स्फटिक होते. ते सहाच कोनांचे का, याचे मलाही नवल वाटते. पण त्या स्फटिकांनीच माझी चूक उघडी पाडली.

"बाई, बोअरच्या पाण्याले दोष देणं सोडा," डॉक्टर म्हणाल्या. "पाणी कमी पेल्यानं खडा होऊन राह्यला. पोरीले दिवसातून चार लिटर पाजा. तेवढं पेली तर धावू शकते, नाई तर किडनीच जाईल."

 रिना म्हणाली, "मीच तिले पाणी देत नव्हती, मॅडम."

काल घरी येताच तिने त्याच बोअरचा गडवा भरून लेकीपुढे धरला. नंदिनी तो एका दमात प्यायली. थोड्याच वेळात माझ्या चौकीपुढून पाणी खळाळत गेले, आणि हातून सुटलेले सिस्टीन त्यात विरघळून निघून गेले. मला किती हलके वाटले म्हणून सांगू!

आता माझी मोडणी सुरू झाली आहे. माझे तुकडे नव्या प्रथिनांच्या कामी येतील. माझ्या जागी येणाराही त्याच कृतीने घडेल, तोही वाकडाच निघेल. मित्रांनो, त्याला नावे ठेवू नका. आणि नंदिनी, भरतीच्या दिवशीही तहानेची वाट न बघता पाणी पी. त्याला जमणार नाही ते पाणी करील.